केशवराव भोसले नाट्यगृह: ‘जसं होतं तसं’ म्हणजे नेमकं कोणत्या सालचं?

जुना पडदा
८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, गायक नट केशवरावांची जयंती होती. तेव्हापासून एकच वाक्य कानावर येतंय: ‘होतं तसं परत उभं करा.’ मागणी रास्तच आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. होतं तसं म्हणजे कधी होतं तसं?

शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ मध्ये बांधून घेतलेलं ‘पॅलेस थिएटर’, तसं? १९५७ साली केशवरावांचं नाव दिलं तेव्हाचं? की आगीच्या आदल्या दिवशीचं, खुर्च्या, वायरिंग, ध्वनिव्यवस्था आणि मधल्या नूतनीकरणांसकट? तिन्ही इमारती एकाच जागी उभ्या होत्या, पण त्या एक नव्हत्या. कोणता थर खरा मानायचा हे न ठरवता काम झालं, तर दर्शनी भाग १९१५ चा आणि आत मंगल कार्यालय, अशी गत होईल. बांधकाम, ध्वनी, वीज, रंगमंच यातली जाणकार मंडळी या चर्चामंचावर आहेत. नुसत्या भावना नकोत, तपशील लिहा.

नांदी
कळीचा मुद्दा. माझं मत: १९१५. महाराजांनी शेजारी खासबागेचं कुस्ती मैदान केलं, त्याला लागून हे थिएटर. एका बाजूला तालमीची माती, दुसऱ्या बाजूला रंगभूमी. ही जोडीच मूळ कल्पना आहे, ती आधी जपली पाहिजे.

आरसीसीवाला
मी उलट म्हणेन. १९१५ ला वातानुकूलन नव्हतं, अग्निशमन नव्हतं, व्हीलचेअरचा विचार नव्हता. दर्शनी भाग ठेवा, मागे आरसीसीची चौकट घाला, वर पोलादी कैच्या (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटी) टाका. लाकूड जळतं हे एकदा बघितलं ना डोळ्यांनी? परत लाकूडच कशाला?

सागवान
@आरसीसीवाला, लाकूड जळतं हे खरं, पण ते कसं जळतं ते बघा. सागाची तुळई आगीत मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर आत कोळसा होत जाते. वरचा कोळशाचा थर उष्णता अडवतो, त्यामुळे आतलं लाकूड बराच वेळ शाबूत राहतं. उघडं पोलाद जळत नाही, पण ५५० ते ६०० अंशांना त्याची ताकद निम्म्यावर येते. भडकलेल्या आगीत उघडी पोलादी कैची पंधरा-वीस मिनिटांत तिथे पोचू शकते. मग ती वाकते, आणि वाकताना भिंत बाहेर ढकलते किंवा आत ओढते.

हिशोब मांडतो. तुळई २०० बाय ३०० मिमी, तासभर तीन बाजूंनी आग. दोन्ही कडांनी ३० आणि खालून ३० गेले, उरली १४० बाय २७०. कोळशाच्या आतला साधारण ७ मिमीचा थर तापून निकामी झालेला असतो, तोही वजा करायचा. १२६ बाय २६३ उरते. वाकण्याविरुद्धची ताकद मूळच्या ४८ टक्के. तासाभरानंतर निम्मी. संरक्षण नसलेल्या पोलादाकडून तासाभरानंतर एवढी अपेक्षा ठेवता येत नाही.

ढिगाऱ्यात सागाचे मोठे नग असतील तर ते सरपण म्हणून जाऊ देऊ नका. आडवा छेद घेतला की तीन पट्टे स्पष्ट दिसतात. बाहेर भेगाळलेला काळा कोळसा, त्याच्या आत बोटाच्या पेराहूनही अरुंद असा तपकिरी पट्टा, आणि मग एकदम पिवळसर सोनेरी लाकूड. करवत आत गेली की शंभर वर्षं जुन्या सागाचा तेलकट वास अजून येतो. काळा आणि तपकिरी भाग तासून काढा, आतल्या लाकडातून कंस, कठड्याचे नग, दारांच्या चौकटी सहज निघतात.

विंगेतला
सागवान, छेदाचं वर्णन वाचून पोटात तुटलं.

चुनेगच्ची
छपराचा वाद नंतर. आधी भिंती बोलू द्या. त्यांच्यावर आग, पाणी आणि कोल्हापूरचा पावसाळा असा तिहेरी मार बसलाय, आणि तिन्हींचे परिणाम वेगवेगळे आहेत.

आग: आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात क्वार्ट्झ अगदी कमी. क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम फुगतो, त्यामुळे वालुकाश्म आणि ग्रॅनाइट आगीत तडकतात. बेसाल्ट त्या मानाने टिकतो, पण तापलेल्या दगडावर बंबाचं गार पाणी पडलं की कडांचे पापुद्रे सुटतात. आधी हातोडीने ठोके देत फिरायचं. खणखणीत आवाज आला तर दगड ठीक, भद्द आला तर तिथे खडूने फुली.

दर्जांमधला, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधला चुना: ८०० ते ९०० अंशांच्या आसपास जुना चुना परत कळीचा चुना होतो, भट्टीतून निघतो तसा. त्यावर पाणी पडलं की तो विरतो, फुगतो आणि भुकटी होते. ओळखायची सोपी रीत आहे. दर्जातला थोडा माल खरवडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे (क्षारयुक्त मालावर गुलाबी होणारं रसायन) दोन थेंब टाकायचे. शंभर वर्षांचा मुरलेला चुना रंग बदलत नाही. आगीत भाजून निघालेला चुना लगेच गर्द गुलाबी होतो. एकाच दर्जात पृष्ठभाग, २० मिमी, ४० मिमी अशा खोलीवर तपासत गेलं की आगीची झळ कुठवर पोचली ते कळतं. बहुतेक वेळा ती दोन-तीन सेंटिमीटरच असते, कारण जाड भिंतीत उष्णता हळू शिरते. तपासणी जितकी लवकर तितकी खरी. हवेने तोच चुना परत मुरायला लागला की रंग फिका पडत जातो.

पाणी: ओली दगडी भिंत इंचाला महिना या ठोकताळ्याने वाळते. ६०० मिमीची भिंत दोन्ही बाजूंनी वाळायला वर्ष धरा. त्याआधी सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक रंग मारला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याला फोड येतात. मग दोष ‘जुन्या भिंतीला’ दिला जातो.

लोड फॅक्टर
फिनॉल्फ्थॅलिनची युक्ती झकास. काँक्रीटला उलट्या अर्थाने वापरतात, तिथे गुलाबी म्हणजे चांगलं!

चुनेगच्ची
@लोड फॅक्टर, अगदी. म्हणूनच फक्त काँक्रीटची सवय असलेल्या माणसाच्या हातात ती बाटली दिली तर तो सगळ्या खराब जागांना ‘उत्तम’ असा शेरा देईल.

पंचगंगा काठ
छप्पर गेलेल्या भिंतींबद्दल लिहायला हवं. छप्पर हे भिंतींना डोक्याशी बांधून ठेवतं. ते गेलं की उंच भिंत नुसती उभी राहते, वाऱ्याने हलते. म्हणून आधी आतून-बाहेरून आधाराची चौकट, भिंतीच्या माथ्यावर चुना-काँक्रीटची टोपी आणि त्यावर तात्पुरतं छप्पर. हे छप्पर भिंतींवर टेकवायचं नाही. त्याचे खांब स्वतंत्र पायावर हवेत, नाहीतर वादळात तेच भिंत घेऊन पडेल. ताडपत्री माथ्यावर नुसती टाकली तर पाणी एका जागी साचतं आणि नेमकं भिंतीच्या गाभ्यात उतरतं. गाभा भरावाचा असेल तर तो धुपतो, बाहेरून काही दिसत नाही आणि मग एक दिवस भिंतीला पोट सुटतं.

आरसीसीवाला
@सागवान, हिशोब मान्य. पण पोलादाला आगीत फुगणारा रंग लावता येतो. तो तापला की फेसासारखा कित्येक पट फुगतो आणि लोखंडाला पांघरूण घालतो. दीड-दोन तासांचं संरक्षण मिळतं. लाकडाला कसर आहे, वाळवी आहे, आणि तेवढ्या मापाचा साग आणणार कुठून?

सागवान
रंग मिळतो, बरोबर. पण त्याची जाडी कागदावरची नको, गेजने मोजलेली हवी. दर काही वर्षांनी तो तपासावा लागतो. वर कुणी भोक पाडून दिव्याचा पाइप बसवला की तिथलं संरक्षण गेलं. सागाबद्दलचा आक्षेप योग्य आहे, मोठ्या मापाचा एकसंध नग मिळणं अवघड. त्याला उपाय चिकटवलेल्या पट्ट्यांच्या तुळया. जाड असल्या तर त्या एकसंध लाकडासारख्याच हळू जळतात.

माझा हट्ट लाकडाच्या छपरासाठी नाहीच. हट्ट आहे तो छताच्या आतल्या बाजूसाठी, म्हणजे प्रेक्षकाच्या डोक्यावर काय असेल त्यासाठी. ते आवाजवाल्यांनी सांगावं.

भैरवी
सांगते. या धाग्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नाद. हे नाट्यगृह बांधलं तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. गायक नटाचं पद शेवटच्या रांगेपर्यंत उघड्या गळ्याने पोचायचं. म्हणजे इमारत स्वतः वाद्याचं काम करत होती. केशवरावांची ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी १९०८ ची. ते १९२१ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. त्या पिढीचं गाणं ज्या तऱ्हेच्या वास्तूत वाढलं, तिचा नाद परत आला नाही तर बाकी सगळं देखावा.

नाद मोजता येतो. टाळी वाजवल्यावर आवाज ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. गद्य नाटकाला सुमारे १ सेकंद, नाट्यसंगीताला १.२ ते १.४ चांगला. सूत्र साधं आहे: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण.

उदाहरणासाठी ९०० खुर्च्यांचं, ४५०० घनमीटरचं प्रेक्षागृह धरा. हे माप कल्पित आहे, हिशोब कळावा म्हणून. बसलेला माणूस सरासरी ०.४५ चौमी शोषण देतो, ९०० माणसं म्हणजे ४०५. भिंती, पडदे, हवा मिळून १५० धरू. ७२४ भागिले ५५५, म्हणजे १.३ सेकंद. उत्तम!

आता कुणीतरी ‘ध्वनिरोधक’ म्हणून छताला ५०० चौमी खनिज तंतूंच्या चौकोनी पाट्या बसवल्या. शोषण २७५ ने वाढलं. ७२४ भागिले ८३०, म्हणजे ०.८७. गाणं कोरडं झालं. वर वातानुकूलनाची नळी लपवायला तेच छत अडीच मीटर खाली आणलं, घनफळ ३२५० झालं. ५२३ भागिले ८३०, ०.६३ सेकंद! हा रेकॉर्डिंगच्या खोलीचा आकडा आहे. मग गायकाला माइक लागणारच, आणि लोक म्हणणार, ‘पूर्वीसारखा आवाज राहिला नाही हो.’

म्हणून छत उंच, घट्ट आणि जड हवं. पातळ प्लायवूड ठोकून ‘लाकडी लूक’ देऊ नका. मागे पोकळी असलेली पातळ फळी खर्जाचे सूर गिळते, तबल्याचा डग्गा मेल्यासारखा वाजतो. एकतर जाड फळ्या, नाहीतर चुन्याचा जड गिलावा.

तिसरी घंटा
भैरवी, प्रतिसाद जपून ठेवलाय. एक शंका. आग लागायच्या आधी नाद मोजलेला नसेल तर आता तुलना कशाशी करायची?

भैरवी
व्हेनिसचं ‘ला फेनिचे’ ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ ला जळालं. योग असा, की जेमतेम दोन महिने आधी संशोधकांनी तिथे ध्वनिमापन केलं होतं. पुनर्बांधणीत तो ठेवा हाताशी होता. डिसेंबर २००३ मध्ये ते परत उघडलं.

आपल्याकडे मापन हाती नसेल तरी वाट बंद होत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्राचे प्रयोग इथे वर्षानुवर्षं झाले. कितीतरी घरांत कॅसेट आणि व्हिडिओ पडून असतील. प्रेक्षकांत ठेवलेल्या कॅमेऱ्याचं ध्वनिमुद्रण चालेल, मिक्सरमधून थेट घेतलेलं नको. त्यात अशी जागा शोधायची जिथे एक ठोस आवाज होतो आणि लगेच शांतता आहे: बंदुकीचा बार, दार आपटणं, तबल्याची सम. त्या आवाजाची शेपटी कशी उतरते त्यावरून निनादकालाचा अंदाज निघतो. दहा-वीस नमुने मिळाले तर अंदाज भरवशाचा होतो. मुद्रण किती साली झालं आणि कॅमेरा कुठल्या रांगेत होता, तेवढं लिहून ठेवा.

जुना पडदा
ही तर लगेच करण्यासारखी गोष्ट आहे. कोल्हापुरातल्या नाट्यसंस्थांनी कपाटं उघडावीत.

नांदी
फोटोंचंही तसंच. बक्षीस घेतानाच्या, स्नेहसंमेलनाच्या फोटोंत मागे कठडा, खांब, दार येतं. दाराची रुंदी जागेवर मोजता येत असेल तर त्याच फोटोतल्या कंसाची उंची काढता येते. फक्त दोन्ही वस्तू एकाच प्रतलात हव्यात. फोटो समोरून घेतलेला असला तर चूक कमी.

ढिगाऱ्याचेही दोन बाय दोन मीटरचे चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनाची वेगळी गोणी करून चाळायला हवा. बिजागऱ्या, खिळे, नक्षीचे तुकडे, फरशीचे कोपरे. कुठल्या चौकोनात काय मिळालं यावरून ती वस्तू वर कुठे होती ते कळतं. जेसीबीने एका दिवसात उचललेला ढिगारा काही सांगत नाही.

विंगेतला
आता रंगमंच. आगीच्या दृष्टीने नाट्यगृहात सर्वांत धोक्याची जागा तीच. कापड, दोर, लाकूड, रंग, तापलेले दिवे, सगळं एकत्र आणि वर धुरांड्यासारखी उंची.

शिकागोचं इरोक्वॉय थिएटर, ३० डिसेंबर १९०३. ६०२ माणसं गेली. नवंकोरं थिएटर. आगीचा पडदा खाली येताना मध्येच अडकला, रंगमंचावरच्या धूर जाण्याच्या खिडक्या बंद होत्या, कित्येक दारं आत उघडणारी किंवा कुलपात. जगभरचे नियम त्यानंतर कडक झाले. धडा असा: रंगमंचाच्या छतात धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा, क्षेत्रफळाच्या ५ ते १० टक्के, तापल्यावर वितळणाऱ्या कडीने आपोआप उघडणाऱ्या. धूर वर गेला तर प्रेक्षागृहाकडे येत नाही.

कापडाला घरचा उपाय आहे: १०० भाग पाण्यात ६ भाग टाकणखार आणि ५ भाग बोरिक आम्ल. कोमट पाण्यात विरघळवून सुती पडदा त्यात भिजवायचा, पिळायचा नाही, निथळत वाळवायचा. सुकल्यावर कडेची पट्टी कापून तिला खालून १२ सेकंद काडी लावायची. काडी काढल्यावर ज्योत विझली तर ठीक, धुमसत वर चढली तर परत भिजवा. पडदा धुतला की ही प्रक्रिया पुन्हा, कारण औषध पाण्यात निघून जातं. पॉलिस्टरला हा उपाय नाही. ते वितळून थेंब थेंब पेटत पडतं, म्हणून ते रंगमंचावर येऊच नये.

कुंचला
पडद्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. साधारण १९१० ते १९१६ या काळात कोल्हापूरचे बाबूराव आणि आनंदराव पेंटर हे संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत होते. पुढे बाबूराव सिनेमाकडे वळले, पण महाल, बाग, राजरस्ता यांची खोली सपाट कापडावर आणायची कला इथेच घोटली गेली. हे पडदे खाली लाकडी दांड्यावर गुंडाळत वर जायचे, त्यामुळे रंगमंचावर फार उंच मनोरा लागत नसे.

नव्या रंगमंचात असे तीन-चार गुंडाळी पडदे टांगायची सोय मुद्दाम ठेवावी. दांडा वाकू नये इतका जाड, दोन टोकांना सारख्या व्यासाच्या कप्प्या. एका बाजूचा दोर ओला होऊन आखडला की पडदा तिरपा गुंडाळतो आणि रंगाला सुरकुती पडते. सरसात कालवलेला रंग सुरकुतीवर तडकतो आणि मग सुटून पडतो.

आरसीसीवाला
सुंदर माहिती. पण आज बाहेरगावच्या संस्थेचा सेट ट्रकमधून येतो. त्यांना उंच फ्लाय (सेट वर ओढून घ्यायची जागा), मोटरचे बार, रुंद मालवाहू दार लागतं. १९१५ चा रंगमंच ठेवलात तर प्रयोग दुसऱ्या गावी जातील.

विंगेतला
@आरसीसीवाला, इथे मी तुमच्या बाजूने. बार्सिलोनाचं ‘लिसेऊ’ ऑपेरागृह ३१ जानेवारी १९९४ ला जळालं. आगीपासून वाचवणाऱ्या लोखंडी पडद्याची दुरुस्ती चालू असताना वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या. १९९९ मध्ये उघडलं तेव्हा प्रेक्षागृह जुन्या रूपात बांधलेलं होतं, पण रंगमंच आणि मागची यंत्रणा नवी, मोठी. रंगमंचाच्या दर्शनी कमानीच्या अलीकडे जुनं, पलीकडे नवं.

आणि दुरुस्तीच्या काळातच आगी लागतात हे लक्षात ठेवा! वेल्डिंग, कटिंगला लेखी परवाना, जागेवर पाण्याची बादली आणि अग्निशामक, काम थांबल्यावर किमान एक तास माणूस तिथेच बसून. अर्धवट उभ्या इमारतीत आग विझवणारे पाण्याचे फवारे अजून चालू नसतात.

चुनेगच्ची
गिलाव्याचं लिहायचं राहिलं होतं.

कळीचा चुना पाण्यात विरवून किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरवायचा. नीट न विरलेले खडे भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलाव्याला टिकलीएवढे खळगे पडतात. पहिल्या थराला १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग स्वच्छ वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटेची, बारीक चाळलेली. चुन्याच्या घाणीत (माल दळायच्या दगडी चाकाच्या चरात) मळलेला माल फावड्याला चिकटून राहिला पाहिजे, घसरला तर पाणी जास्त झालं. एक थर १० ते १२ मिमी, त्याहून जाड लावला तर वाळताना भेगा. हिरडा आणि गूळ भिजवून त्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे, त्याने माल हाताखाली मऊ राहतो आणि सावकाश वाळतो. प्रमाण हलकं ठेवा, गूळ जास्त झाला तर चुना घट्टच होत नाही आणि मुंग्या लागतात.

ओलं गोणपाट किमान दहा दिवस. उन्हाळ्यात दुपारी काम करू नका. दर्जा भरताना आधी दर्जाच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायचं, धुवायचं, मग भरायचं. वरवर चोपडलेला दर्जा पहिल्याच पावसाळ्यात पट्टीसारखा सुटतो.

तिसरी घंटा
गुळासाठी निदान लांब जावं लागणार नाही, शाहू मार्केट यार्ड जवळच! :)

लोड फॅक्टर
वीज. इथल्या आगीच्या कारणावर मी बोलत नाही, तो तपासाचा भाग. पण जुन्या नाट्यगृहांत वायरिंगचे नेहमीचे दोष कोणते ते लिहितो.

१) सैल जोड. स्क्रू सैल झाला की तिथे रोध वाढतो आणि तो जोड तापतो. प्रवाह मात्र वाढत नाही, म्हणून एमसीबी पडत नाही. पृथ्वीकडे गळती नाही, म्हणून आरसीसीबीही पडत नाही. दोन्ही संरक्षणं जागेवर असूनही प्लास्टिक करपत राहतं. उपाय: वर्षातून दोनदा सगळे दिवे पूर्ण भाराने अर्धा तास लावून उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने प्रत्येक पॅनेल पाहणे. शेजारच्या जोडापेक्षा एखादा ठळक गरम दिसला की तो उघडायचा.

२) न्यूट्रल. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे जुने डिमर विजेची लाट कापतात. तिन्ही फेजांची तिसरी हार्मोनिक (मूळ लाटेच्या तिप्पट वेगाने हेलकावणारा भाग) न्यूट्रलमध्ये एकमेकांना न कापता मिळवली जाते. न्यूट्रलचा प्रवाह फेजच्या पावणेदोन पटीपर्यंत जाऊ शकतो. फेजइतकीच किंवा बारीक न्यूट्रल टाकली असेल तर तीच तापते, आणि तिच्यावर फ्यूज नसतो.

३) भार. १००० वॉटचे ६० पार कॅन (रंगमंचाचे दिवे) म्हणजे ६० किलोवॉट, दर फेजला ८७ अँपिअर. एलईडी घेतले तर हा भार एकदम उतरतो, डिमरची कटकटही कमी. पण स्वस्त एलईडीचे पंखे आवाज करतात. नाटकात शांत प्रसंगाला चाळीस पंख्यांची घरघर ऐकू येते.

केबल धूर कमी करणारी, हॅलोजन नसलेली. आणि जिथे केबल भिंतीतून रंगमंचाकडून प्रेक्षागृहात जाते ते प्रत्येक भोक आगरोधक मालाने बुजवलेलं. आग अशा भोकांतूनच पलीकडे जाते.

पंचगंगा काठ
दारांचा हिशोबही टाकतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सपाट वाटेला माणशी ६.५ मिमी, जिन्याला १० मिमी. ९०० माणसांना सपाट वाटेने ५.८५ मीटर, म्हणजे दोन मीटरची तीन दारं कागदावर पुरतात. पण आग एखाद्या दाराशीच असू शकते, म्हणून एक दार बंद धरूनही हिशोब बसला पाहिजे. चार हवीत. सगळी बाहेर उघडणारी, छातीच्या दाबाने सुटणाऱ्या दांड्याची. आणि प्रयोग चालू असताना एकालाही कुलूप नको, ‘फुकटे शिरतात’ हे कारण चालणार नाही.

नांदी
@आरसीसीवाला आणि @विंगेतला, कमानीचा मुद्दा पटला. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचं उदाहरणही जवळचं आहे. पंचम जॉर्जच्या हस्ते १९११ ला उद्घाटन, १९१२ ला काम पूर्ण, पुढे सिनेमाचं थिएटर, १९९३ ला बंद, आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीत जीर्णोद्धार, ऑक्टोबर २०१६ ला परत सुरू, २०१७ ला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार. तिथे हाच प्रश्न आला होता, सिनेमाच्या काळातला थर ठेवायचा की मागे जायचं. ते मागे गेले, जुन्या पुराव्यांवरून. पण ५७५ खुर्च्याच ठेवल्या. संख्या वाढवायच्या मागे लागले नाहीत.

भैरवी
खुर्च्यांची संख्या नादाशीही जोडलेली आहे. बाल्कनीखाली रांगा वाढवत नेल्या की मागच्यांना वरच्या छताचा परावर्तित आवाज पोचत नाही. बाल्कनीखालची खोली तिच्या तोंडाच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. तोंड तीन मीटर असेल तर साडेचार मीटर, म्हणजे पाच रांगा. सातवी रांग विकायच्या मोहात सहावीचं ऐकणं जातं.

खुर्ची अशी निवडा की रिकामी असतानाही ती बसलेल्या माणसाइतकाच आवाज शोषेल. मग निम्मं घर भरलं तरी नाद बदलत नाही. गालिचा फक्त चालायच्या वाटेवर. वातानुकूलनाला मोठ्या आडव्या नळ्या आणि हवेचा वेग कमी, यंत्र इमारतीपासून वेगळ्या पायावर.

जुना पडदा
सगळ्यांचे आभार. माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या प्रतिसादांतून मला असं दिसतंय: भिंती आणि दर्शनी भाग १९१५ चे, त्याच मालाचे. प्रेक्षागृहाचं घनफळ, छताची उंची, बाल्कनीचा आकार पुराव्यानुसार जुना, तिथे एक इंचही ‘सोयीसाठी’ नाही. कमानीच्या पलीकडे आणि भिंतीच्या आत २०२४ नंतरचं जे उत्तम मिळेल ते. नाव १९५७ चं आहेच. तीन साली तीन जागी.

सागवान
सहमत. एकच भर. नवीन घातलेल्या प्रत्येक लाकडी नगावर, न दिसणाऱ्या बाजूला, साल कोरा. नवा दगड घातला तर त्याच्याही मागच्या तोंडावर. शंभर वर्षांनी कुणी ते उघडलं तर जुनं कुठलं आणि आपण घातलेलं कुठलं, हे त्याला शोधत बसायला नको.

आरसीसीवाला
मान्य. पण छपराच्या पोलादाचा रंग गेजने मोजायचा, तेवढं माझं राहू द्या.

भैरवी
आणि खुर्च्या बोल्ट करण्याआधी एक संध्याकाळ माझी. रंगमंचावर एक गायक, एक ऑर्गन, एक तबला, माइक नाही. आम्ही सहाजण सहा कोपऱ्यांत, शेवटच्या रांगेतही. टाळ्या, फुगे फोडणं, मोजमाप सगळं करू. छताची फळी बदलायची असेल तर त्या दिवशी बदलता येते, उद्घाटनानंतर नाही.

विंगेतला
शेवटच्या रांगेत मी बसतो.